खानदेशातली विज्ञानकादंबरी: जुलमी सरकार खरं कसं वाटेल, आणि त्यात माणसं जगतील कशी?

प्रश्न चोपड्याकडच्या एका ताईंचा आहे. त्या कादंबरी लिहिताहेत. साल २०७९. तापी आटली आहे, खानदेशावर 'जलमंडळ' नावाचं सरकार बसलं आहे, प्रत्येकाच्या मानेत चिप आहे, सातपुड्याच्या कड्यांवर मनोरे आहेत आणि हुकूम मोडणाऱ्याला ड्रोन टिपतो. नायिका पळून तोरणमाळला जाते, तिथल्या गुहेत राहते, बंडखोरांना मिळते आणि शेवटी जलमंडळाचा नियंत्रण कक्ष उडवून देते. वाचणारे म्हणतात, बाहेरच्या सिनेमासारखं वाटतं. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: सरकार खरं का वाटत नाही, नायिका खरोखर जगेल का, आणि शेवट पटेल का.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो आणि नोकरीत असल्यापासून विज्ञानकथा लिहितो. त्यामुळे उत्तरात पाणी जास्त येईल, ते चालवून घ्या.

ताई, आधी ती चिप काढून टाका. ती अशक्य आहे असं नाही, पण तिचं तुमच्या गोष्टीत कामच नाही. जलमंडळ लोकांवर पाळत ठेवतं, पण कशासाठी, हे अख्ख्या मसुद्यात कुठे येत नाही. दुष्ट आहे म्हणून ठेवतं, एवढंच कळतं. नुसत्या दुष्टपणावर सरकार फार दिवस चालत नाही. त्याला कारण लागतं, आणि कारण असं हवं की पहिल्या प्रकरणात तुमची नायिकाही म्हणेल, यांचं बरोबर आहे.

अशी कारणं शोधायला २०७९ पर्यंत जायची गरज नाही. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांना कापूस एकाधिकाराबद्दल विचारा. १९७१ साली कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रातला कापूस फक्त सरकारी यंत्रणेने घ्यायचा असं ठरलं. खासगी व्यापाऱ्याला विकणं गुन्हा, राज्याबाहेर नेणं गुन्हा. हेतू काय होता? व्यापारी ऐन हंगामात भाव पाडतो, काट्यात मारतो, अडलेल्याला नाडतो. त्याला मधून काढायचं, हमीभाव द्यायचा आणि पुढे विक्रीत जास्त मिळाले तर तेही शेतकऱ्यालाच द्यायचे. याला नाव ठेवणार तरी कोण?

मग केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. ग्रेडर आला तर माप, नाही आला तर बैलांसकट मुक्काम. कापूस कोणत्या प्रतीचा हे ग्रेडरच्या बोटांनी ठरायचं आणि त्याच्या बोटांवर अपील नव्हतं. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हप्त्याहप्त्याने. सीमेपलीकडे भाव चढा असला की रात्रीच्या गाड्या सेंधवा, खेतिया, बऱ्हाणपूरच्या वाटेला लागायच्या. ज्या वर्षी बाहेर भाव पडलेला, त्या वर्षी उलटं व्हायचं: बाहेरचा कापूस इकडे येऊन सरकारी काट्यावर चढायचा.

हा उलटा ओघ नीट बघा. तुमच्या मसुद्यात चोरी एकाच दिशेने होते, सरकारकडून लोकांकडे. नियमामुळे एका रेषेच्या दोन बाजूंना दोन भाव तयार झाले की माल भावाच्या मागे जातो, रेषेच्या कुठल्याही बाजूला. त्यात गाडीवाल्याचं भाडं असतं, नाक्यावरच्या शिपायाचा चहा असतो, केंद्रावरच्या कारकुनाची नोंद असते. यांतला एकही माणूस स्वतःला बंडखोर म्हणवत नव्हता. तरी राज्याची हुकमत रोज रात्री त्यांच्या चाकांखालून जात होती. तुमची कादंबरी इथे आहे, गुहेत नाही.

सोन्याचंही तसंच. चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची तंगी आली म्हणून १९६३ च्या जानेवारीत १४ कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली, पुढे १९६८ साली सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. जळगावच्या सराफ बाजारात एखाद्या म्हाताऱ्या कारागिराशेजारी तासभर बसलात तर एक प्रकरण आयतं मिळेल. पाळत कशावर? मंगळसूत्राच्या शुद्धतेवर! एवढं विचित्र तुम्हाआम्हाला कल्पनेतून सुचणार नाही.

आणखी ताजं उदाहरण कपाशीच्या बियाण्याचं. गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडायचं तर मे महिन्यात ठिबकवर होणारी लागवड थांबायला हवी. त्यासाठी अलीकडच्या काही हंगामांत १ जूनच्या आधी बियाणं विकू नका, असे आदेश निघाले. शास्त्र चोख आहे. पण ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो मे महिन्यातच लावायला बघतो, आणि त्याला पाकीट गुजरातेतून किंवा मध्य प्रदेशातून मिळतं, बिलाशिवाय. बिल नाही म्हणजे बियाणं उगवलं नाही तर तक्रार नाही, पंचनामा नाही, भरपाई नाही. नियमाच्या बाहेर जगण्याची किंमत अशी असते. ड्रोनच्या गोळीपेक्षा ती मला जास्त भीतीदायक वाटते, कारण ती भरताना कुणी ओरडतही नाही.

आता जलमंडळाला कारण द्यायचं. ते तुम्हाला कालव्यावर सापडेल. मुखाजवळचा शेतकरी भिजवतो आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, बघत बसतो, हे आमच्या खात्यातलं सगळ्यात जुनं दुखणं. कागदावर शेजपाळी, म्हणजे पाण्याच्या पाळ्यांचा क्रम, असते, नमुना ७ हा पाणीमागणीचा अर्ज भरून घेतलेला असतो, कुठल्या चारीला, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या लहान पाटाला, किती दिवस हे लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पाणी सुटलं की रात्री आऊटलेट फुटतं, चारीत दगड आणि गोणपाट पडतं, कालव्यात मोटारी उतरतात. आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, संपतं तेव्हा टेलला चारीचा तळ ओला झालेला असतो, बस. बाप गेला, मुलगा म्हातारा झाला, तरी पाणी आलं नाही. अशा शेतकऱ्याच्या बांधावर एखाद्या सरकारने सेन्सर लावून, मुखाकडच्यांच्या मोटारी जप्त करून, ठरल्या दिवशी ठरल्या तासाला पाणी आणून सोडलं, तर तो त्या सरकारसाठी काय करणार नाही? शेजाऱ्याने मोटार कुठे पुरून ठेवली आहे हे तो न विचारता सांगेल, आणि त्यात त्याला अन्याय दिसणार नाही.

म्हणून माझी सूचना: जलमंडळाचा सगळ्यात निष्ठावान माणूस नायिकेचा बाप करा. टेलचा शेतकरी. त्याचा विश्वास खोटा ठरवू नका. पहिली काही वर्षं जलमंडळाने खरोखर चांगलं काम केलेलं असू द्या: टँकरवाल्यांची दादागिरी मोडली, बोअरची शर्यत थांबवली. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आहे हे आजचंच वास्तव आहे, आणि खोल विहिरींना ६० मीटरची मर्यादा आपल्या भूजल कायद्यात आजही लिहिलेली आहे. तुमच्या २०७९ मध्ये फक्त तो कायदा पाळला जातो, अक्षर न् अक्षर. वाचकाला घाम फुटेल तो यानेच.

हुकूम बजावणार कोण, हा पुढचा मुद्दा. तुमच्याकडे काळ्या गणवेशातले, तोंड झाकलेले सैनिक आहेत. ते कुठून आले? खानदेशाचा इतिहास वेगळं सांगतो. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा मुलूख घेतला आणि पुढची काही वर्षं भिल्लांच्या मागे डोंगरात पलटणी पाठवून पाहिल्या. जमेना. मग १८२५ मध्ये आउट्रम या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली, खानदेश भिल्ल कोअर. ठाणं धरणगावला. डोंगरातल्या माणसाला पगार, गणवेश आणि मान देऊन डोंगरावर नेमलं. बाहेरून आणलेल्या सैनिकाला वाटा माहीत नसतात, गावच्या माणसाला चुलीसुद्धा माहीत असतात.

तेव्हा तुमच्या सैनिकांऐवजी वायरमन आणा. शेतीचा फीडर, म्हणजे विजेची लाईन, वेगळा असतो, मोटारीला लागणारी थ्री फेज वीज ठरावीक तास मिळते, ती उपकेंद्रातून बंद करता येते. एका गावाने काही कुरबूर केली की थ्री फेज जाते. घरात दिवा, पंखा चालू, मोबाईल चार्ज होतो, फक्त मोटार फिरत नाही. गोळी नाही, अटक नाही. वैशाखात केळीला चार दिवस पाणी चुकलं तर पाचव्या दिवशी गावच आपल्या पुढाऱ्याला घेऊन माफी मागायला जातं. आणि डीपीखाली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखाली, उभा असलेला वायरमन, जो नात्याने नायिकेचा मामा लागतो, तो म्हणतो, "वरथून बंद शे, भो. मना हातमा काही नही." हे वाक्य कादंबरीत वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी येऊ द्या: रेशन दुकानदार, तलाठी, डॉक्टर, शेवटी जलमंडळाचा अध्यक्षसुद्धा. तुमचं सगळं सरकार या वाक्यात मावतं.

ओळख पटवण्यासाठी अंगठा पुरेसा आहे. देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी. म्हणजे ही गोष्ट खानदेशातच सुरू झाली असं तुम्ही हक्काने लिहू शकता. ऊसतोड करणाऱ्या, विटा थापणाऱ्या हातांवरच्या रेषा झिजतात आणि मशीन अंगठा घेत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे. यातून मोठा प्रसंग उभा राहतो: जो जास्त राबतो तोच यंत्राला दिसेनासा होतो. काही जण मुद्दाम रेषा घासून काढतील. पण ज्याचा अंगठा उठत नाही त्याला धान्यही नाही. दिसेनासं होणं ही सुटका की शिक्षा, हे नायिकेला आधी कळू नये.

इथे एक मोह टाळा. अहिराणीत बोललं की सरकारच्या यंत्राला कळत नाही, हा डाव तुम्ही दोनदा वापरला आहे. २०७९ च्या यंत्राला अहिराणी, पावरी, गुजरी सगळं कळेल. कळून करणार काय, हा प्रश्न जास्त गमतीचा आहे. लग्नाच्या मांडवात एकाच वेळी दोनशे बाया बोलताहेत, त्यातलं कामाचं काय आणि बिनकामाचं काय? जास्त ऐकणाऱ्या सरकारची अडचण तिथे सुरू होते.

आता जगण्याचा हिशेब. बहुतेक लेखक तो करतच नाहीत. आजच्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. तीसने भागा: दिवसाला साधारण १६७ ग्रॅम, म्हणजे पावणेसहाशे उष्मांकांच्या आसपास. राबणाऱ्या माणसाला दोन-अडीच हजार लागतात. समजा जलमंडळही तेवढंच देतं. उरलेले पावणेदोन हजार कुठून येतात? बांधावरची तूर, परसातला शेवगा, शेळीचं दूध, भावकीतून आलेली पायली, मजुरीच्या बदल्यात दाणे, आणि ज्याची कुठेच नोंद नाही असं बरंच काही. हा उरलेला भाग कादंबरीभर दिसला पाहिजे. आत्ता तुमची माणसं अन्नाच्या एका गोळीवर दिवस काढतात. गोळीत दोन हजार उष्मांक भरायचे तर शुद्ध तूपसुद्धा पाव किलोच्या जवळपास लागेल. एवढी गोळी गिळणार कोण?

उलट आपल्या घरात आहे ते वापरा. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो. नुसत्या ज्वारीत जी प्रथिनं कमी पडतात ती उडीद भरून काढतो. बिबडे, कुरडया, वड्या उन्हाळ्यात वाळवून वर्षभर टिकतात. जलमंडळ धान्याचे दाणे मोजेल, पण वाळवणाच्या डब्यात काय आहे हे मोजायला घरोघरी बाई नेमावी लागेल. नेमू द्या की! ती बाई आणि तुमच्या नायिकेची आजी यांच्यातलं एक प्रकरण मला वाचायला आवडेल.

साठवणीसाठी पेव चांगलं. जमिनीत खणलेल्या, वरून लिंपून बंद केलेल्या पेवात दाणे आणि त्यातली कीड श्वास घेत राहतात, प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड मरते. वरून काही दिसत नाही, मोजणारा त्यावर उभा राहून निघून जातो. पण तोंड उघडल्या उघडल्या जो आत उतरतो तोही गुदमरून मरतो. जुने लोक आधी दिवा सोडून बघत, विझला तर थांबत. तुमच्या कथेत जप्तीला आलेल्या पथकातला पोरगा आत उतरतो आणि घरमालकाने ओरडावं की नाही, हा प्रसंग मी तुम्हाला फुकट देतो.

पाण्याचा आकडा सोपा आहे. जलजीवन योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात. आपत्तीच्या छावण्यांत किमान १५ लिटर धरतात, त्यात पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं आलं. उन्हात कष्ट करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. तुमची नायिका एक बाटली घेऊन तीन दिवस चालते, ती दुसऱ्या दुपारी पडेल.

उष्णतेचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे तुमच्या सरकारला खरं शस्त्र मिळेल. भुसावळचा ४५ अंशांचा मे सगळ्यांना भीतिदायक वाटतो, आणि तो आहेच. पण त्या वेळी हवा कोरडी असते. आर्द्रता १५ टक्के धरली तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक २५ च्या आसपास दाखवेल. म्हणजे सावली आणि भरपूर पाणी असलं तर घाम वाळून अंग थंड राहू शकतं. जूनमध्ये ढग येतात, पारा ३८ वर उतरतो, लोक हुश्श करतात. आर्द्रता ६५ टक्के झाली की तोच ओला तापमापक ३२ च्या घरात जातो. घाम वाळत नाही, कष्ट करणाऱ्याचं शरीर आतून तापत राहतं. आता असा नियम लिहा: पारा ४० च्या वर असेल तर दुपारी काम बंद, खाली आला की काम सुरू. कागदावर दयाळू नियम आहे. माणसं मरतात ती जूनमध्ये, नियम पाळत असताना, आणि नोंदीत कारण 'इतर' असं पडतं. जलमंडळाच्या कार्यालयात एखादी कारकून बाई जूनचे 'इतर' मोजायला लागते, तिथून तुमच्या कथेला धार येईल.

उष्णतेचा उपयोग पळणाऱ्यालाही होतो. ड्रोनचा औष्णिक कॅमेरा आजूबाजूपेक्षा अंग जास्त गरम असेल तर माणूस वेगळा दाखवतो. मे महिन्यात दिवेलागणीला सातपुड्याचा काळा खडक कातडीएवढाच तापलेला असतो, तेव्हा माणूस त्यात मिसळून जातो. तोच माणूस पौषातल्या पहाटे कॅमेऱ्यात ठळक उठून दिसेल. तुम्ही पाठलाग थंडीत घातला आहे. तो उन्हाळ्यात आणा.

सातपुड्याबद्दल जरा रागाने लिहितो. तुमचा सातपुडा रिकामा आहे. तिथे फक्त गुहा, धबधबे आणि बंडखोर आहेत. अहो, तिथे पावरा आणि भिल्ल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांना नियंत्रण करणारं सरकार २०७९ मध्ये पहिल्यांदा भेटणार नाही. जंगल राखीव झालं तेव्हा भेटलं, सरदार सरोवराचं पाणी १९९० च्या दशकात नर्मदेकाठच्या मणिबेली गावात शिरलं तेव्हा भेटलं, २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर दावे दाखल करून पुराव्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालताना भेटलं. धरणाच्या काळात यादीत कोण प्रकल्पग्रस्त आणि कोण नाही यावर किती भांडण झालं! यादीत नाव नाही म्हणजे तो माणूस, त्याचं घर, त्याचं शेत बुडूनही बुडलेलं नाही. मैदानातली तुमची नायिका ज्याला 'यंत्रणेतून सुटणं' म्हणते, त्याचा दुसरा अर्थ डोंगरातल्या बाईला चांगला ठाऊक आहे. या दोघींची भेट झाली तर बोलणं सोपं होणार नाही, आणि ते तसंच लिहा. नायिका तिथे पोचली की पहिल्या तासात सगळ्या पाड्यांना कळलेलं असेल. तिला ठेवून घ्यायचं की नाही हे ती ठरवणार नाही. शिवाय तिला पोसायचं कशावर? मोहाची फुलं चैत्राच्या सुमाराला पडतात, भगर पावसानंतर हाताशी येते, आणि मधले आषाढ-श्रावण हे डोंगरातले तंगीचे महिने. तुम्ही तिला नेमकं आषाढात पाठवलं आहे आणि ती कंदमुळं खाऊन लठ्ठ होते. पाहुणा आषाढात आला तर यजमानाच्या ताटातली भाकर कमी होते, हे दिसू द्या.

मग सामुदायिक प्रतिकार कसा दाखवायचा, हा प्रश्न उरतो. बंदुका आणण्यापूर्वी पांझरा नदीच्या काठी जा. धुळे जिल्ह्यात फड पद्धत काहीशे वर्षं चालली. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असतो. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे टंचाई सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. पाटावर पाटकरी, शेतात पाणी फिरवायला बारेकरी, पीक राखायला जागल्या, वर हवालदार. त्यांना मोबदला पिकातून. बारेकरी पाणी देतो, शेतकऱ्याने स्वतः बारं धरायचं, म्हणजे पाणी वळवायचं, नाही, म्हणजे रात्रीची चोरी आणि भांडण दोन्ही मिटलं. सेन्सर नाही, अंगठा नाही, आणि टेलचाही भिजतो.

यातलं गोड तेवढं उचलू नका. ज्याची पाटाखाली जमीन नाही त्याला या व्यवस्थेत पाणी नव्हतं, आणि जागल्या कोण व्हायचा, हवालदार कोण, हे जातीशिवाय ठरत नव्हतं. पण तुमच्या जलमंडळाला खरा धोका अशाच गोष्टीचा वाटेल, कारण तिथे मोजल्याशिवाय वाटणी होते. आणि ती मोडायला त्याला बंदूक लागणार नाही. 'फडाची नोंदणी करा, अनुदान मिळेल' एवढं म्हटलं की पुरे. नोंदणी झाली की अध्यक्ष आला, खातं आलं, लेखापरीक्षण आलं, आणि बारेकऱ्याला पगार जलमंडळाकडून सुरू झाला की तो कुणाचा माणूस हे वेगळं सांगायला नको. खऱ्या आयुष्यात वर धरणं, खाली विहिरी आणि पंप आल्यावर बरेच फड आपोआप सुटले. तेही कुणी दुष्टपणाने केलं नाही.

तुमचा तुरुंगही फार घट्ट आहे, सुई शिरायला जागा नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर प्रवचन देत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते, ब्रिटिशांच्या पहाऱ्यात. माणसं जिथे राखण करतात तिथे फटी असतात. कंटाळलेला शिपाई, धार्मिक जेलर, आजारी कारकून. तुमच्या तुरुंगात एकही कंटाळलेला माणूस नाही, म्हणून तो खोटा वाटतो.

राहिला शेवट. नियंत्रण कक्ष उडवला की गेटं उघडतात आणि पाणी खळाळत येतं, असं तुम्ही लिहिलं आहे. येणार नाही. स्क्रूवर चढणारं गेट वीज गेली की आहे तिथेच थांबतं. बंद असेल तर बंद, अर्धं असेल तर अर्धं. मुखाचं गेट उघडं आणि खालचं, कालव्यातलं पाणी अडवणारं आडवं गेट बंद अशा वेळी स्फोट झाला, तर कालवा तुंबेल, काठावरून वाहील आणि भराव जिथे कच्चा आहे तिथे फुटेल. सकाळी बुडालेली पहिली शेतं जलमंडळाची नसतील. ती भरावाखालच्या गरिबांची असतील, त्यात नायिकेच्या बापाचंही असू शकेल.

त्यापेक्षा तिला हँडल द्या. प्रत्येक गेटाला हाताने फिरवायचं लोखंडी हँडल असतं, ते चौकीत टांगलेलं असतं, आणि किती आटे फिरवले की किती पाणी सुटतं हे जुन्या चौकीदाराला पाठ असतं. २०७९ मध्ये हँडलं जप्त झाली असतील, पाठ असलेला शेवटचा माणूस नव्वदीचा असेल, आणि एका आवर्तनात सगळ्या चाऱ्यांवर एकाच रात्री गेटं हाताने फिरवायला निदान पन्नास-साठ माणसं लागतील, जी एकमेकांवर विश्वास ठेवतात आणि मुखाकडची असूनही टेलला पाणी सोडायला तयार आहेत. एवढी माणसं जमवणं हीच तुमच्या उत्तरार्धाची कथा. जमतात की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर पाच-सहा गेटांवर माणूस येतच नाही, आणि पाणी वेडंवाकडं पोचतं.

दोन दुरुस्त्या जाता जाता. चोपड्याहून तोरणमाळ सरळ रेषेतही शंभर किलोमीटरच्या वर आहे, नायिका ते एका रात्रीत पायी कापते. तिला शिरपूरपर्यंत केळीच्या ट्रकमध्ये पानांखाली बसवा. आणि तिसऱ्या प्रकरणात वैशाखात कापूस वेचणी चालू आहे. ती दिवाळीच्या आगेमागे न्या, वैशाखात शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडंसुद्धा, उभ्या नसतात. गेटाचं प्रकरण नव्याने लिहून झालं की पाठवा, आट्यांचा हिशेब मी तपासून देतो.